साहेबांचा दुसरा ज्युनियर

चहा गोड झाला की साहेब टपरीवाल्याला सांगायचे, "साखर जास्त आहे. लिहून घ्या." टपरीवाल्याकडे पेन नव्हतं, आणि असतं तरी त्याने लिहिलं नसतं. पण तो मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच गोड चहा द्यायचा.

कोर्टात साक्षीदाराच्या तोंडून कामाचं वाक्य निघालं की वकील म्हणतात, हे लिहून घ्या. बाकीचे वकील ते वाक्य कोर्टातच ठेवून घरी जातात. साहेब सोबत घेऊन फिरायचे. भाजीवाल्यासमोर उभे राहून विचारायचे, "भेंडी कोवळी आहे हे तुमचं म्हणणं खरं आहे का? फक्त हो किंवा नाही." भाजीवाला म्हणायचा, साब, लेना है तो लो. साहेब माझ्याकडे वळायचे. साक्षीदार उत्तर टाळतोय, लिहून घ्या.

मी साहेबांची ज्युनियर. म्हणजे होते. आता साहेब प्रॅक्टिस सोडून मुलीकडे नाशिकला असतात, आणि तिथला भाजीवाला त्यांना सांभाळून घेत असेल अशी आशा आहे.

मी बदलापूरची. शाळेत मुख्याध्यापकांची नक्कल करायचे, कॉलेजात प्राचार्यांची, आणि लॉ करताना वर्गात सर आले नाहीत तर सरांची. अभ्यास करायचेच असं नाही. साहेबांकडे काम मागायला गेले तेव्हा त्यांनी कायद्याचा एक प्रश्न विचारला. आला नाही. दुसरा विचारला. तोही आला नाही. मग चष्मा काढून म्हणाले, मग येतं काय? मी म्हटलं, नक्कल येते. साहेब म्हणाले, करा. मी कोर्टाच्या गेटवरचा हवालदार करून दाखवला, तो बायकांना एका आवाजात "थांबा" म्हणतो आणि वकिलांना दुसऱ्या आवाजात "थांबा ना", तो. साहेब हसले नाहीत. म्हणाले, उद्यापासून या.

ऑफिस उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटमध्ये, सोफ्याच्या दुकानावर. दुकानात जागा कमी, म्हणून सोफे जिन्यात. आमचे पक्षकार त्यावर बसायचे, प्लॅस्टिक न काढता. सिंधी काकांना, म्हणजे दुकानाच्या मालकांना, त्याचं काही नव्हतं. उलट गिऱ्हाइकाला दाखवायचे, "देखो, रोज कितने लोग बैठते हैं, कुछ हुआ?" एकदा घटस्फोटाच्या केसमधले नवरा-बायको एकाच थ्री-सीटरवर दोन टोकांना बसले होते. काकांनी मध्ये बसून त्यांना सोफा विकला. कोण घेऊन जाणार यावरून मग अर्जात एक कलम वाढलं.

माझं काम साक्षीदार होणं. उलटतपासणीच्या आदल्या आठवड्यात साहेब पक्षकाराला बोलवायचे, मला समोर उभं करायचे आणि सांगायचे, या मॅडम तुमचे दीर आहेत. मग मी दीर. घरमालक झाले, डॉक्टर झाले, एकदा तर अंबरनाथच्या एका सोसायटीचा सेक्रेटरी झाले आणि इतकी घुसले त्यात की पक्षकार माझ्याशी पार्किंगवरून भांडला. साहेब प्रश्न विचारायचे, मी खोटं बोलायचे, आणि पक्षकाराचं काम एकच: मी कुठे चुकतेय ते सांगणं. दीर असा बोलत नाय, तो आधी खाकरतो. साहेब म्हणायचे, मॅडम, आधी खाकरा.

या पद्धतीवर बार असोसिएशनमधले वकील हसायचे. साहेबांचं म्हणणं असं, "साक्षीदार काय बोलतो ते सगळ्या कोर्टाला ऐकू येतं. तो काय कधीच करणार नाही, ते फक्त त्याने छळलेल्या माणसाला माहीत असतं." पुढचे शब्द तुम्हाला माहीत आहेत. मी लिहून घेतलं.

आणि मग फोन आला. म्हणजे फोन साहेबांकडे होताच, पण दिवाळीला आलेल्या मुलीने त्यात एआय टाकून दिला आणि सांगितलं, बाबा, याला काहीही विचारा. "काहीही" हा शब्द साहेबांना सांगायचा नसतो. दिवाळीनंतर मी ऑफिसला आले तर माझ्या खुर्चीवर फोन बसला होता. पंचिंग मशीनला टेकून, ताठ. साहेबांनी ओळख करून दिली, हे आपले दुसरे ज्युनियर. मला साहेब एकांतात "अगं" म्हणायचे. फोनला "अहो".

मी जिन्यातल्या सोफ्यावर बसायला लागले. सोफा चांगला होता, तक्रार नाही.

खोटं कशाला बोला, दुसरे ज्युनियर कामाचे होते. पोलिसांच्या हस्ताक्षरातली फिर्याद, जी पोलिसांनाही वाचता येत नाही, तिचा फोटो काढला की सरळ वाचून द्यायचे. चार दिवसांचं टिपण जेवणाच्या आत व्हायचं. हळूहळू पूर्ण कोर्टच तसं झालं. कोर्टासमोरचे टायपिंगवाले दुपारी कॅरम खेळायला लागले. सगळ्यांचे अर्ज एकाच सुरात यायला लागले. एका पोटगीच्या केसमध्ये बायकोच्या अर्जात होतं, "हा केवळ पैशांचा प्रश्न नसून सन्मानाचा प्रश्न आहे." नवऱ्याच्या उत्तरातही तेच. जज मॅडमनी दोन्ही वाचले आणि म्हणाल्या, तुमचं एवढं पटतंय तर भांडण कशाचं आहे?

एकदा या दुसऱ्या ज्युनियरनी साहेबांना एक निकाल काढून दिला. आमच्याच केससारखी केस, आमच्याच बाजूचा निकाल, भाषाही आमचीच. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, इतका आपल्या मनासारखा न्यायाधीश अजून जन्माला यायचाय. शोधलं तर तसा निकाल कुठेच नव्हता. मला वाटलं आता खुर्ची मोकळी होणार. साहेब चिडले पण नाहीत. म्हणाले, सीनियरला खूश करायला ज्युनियर खोटं बोलतो, यात नवीन काय आहे? आणि माझ्याकडे बघितलं. मी सोफ्यावर गेले.

पण माझं खरं काम गेलं ते मंदाताईंच्या केसला.

मंदाताई बारवी धरणाकडच्या एका गावातल्या. आनंदनगरच्या एमआयडीसीत, नळाचे पितळी भाग बनतात त्या कंपनीत पॅकिंगला होत्या. एका संध्याकाळी गेटवर त्यांच्या जेवणाच्या डब्यात पितळेचे भाग सापडले, असं सुपरवायझरचं म्हणणं. नोकरी गेली आणि चोरीची केस लागली. त्याआधीच्या आठवड्यात मंदाताईंचं आणि त्याचं भांडण झालं होतं. शेडमध्ये जेवायला बसणाऱ्या बायकांना त्याने बाहेर भंगाराजवळ उन्हात बसायला लावलं होतं, आणि मंदाताई सगळ्यांना घेऊन परत शेडमध्ये बसल्या होत्या.

साहेबांनी विचारलं, नोकरी परत हवी आहे का? मंदाताई म्हणाल्या, नको. मग त्यांनी पदर नीट केला आणि सांगितलं की केस झाल्यापासून गावातल्या बायका त्यांना हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. शेजारची पण नाही. दारावरून वाण घेऊन जातात, यांच्या दाराशी आल्या की मोबाइल बघतात.

"मना बोलवायला लागल्या पायजेत," त्या म्हणाल्या. "बाकी मी बघून घेन."

साहेब म्हणाले, लिहून घ्या. हे त्यांनी मला सांगितलं की फोनला, कळलं नाही. आम्ही दोघांनी लिहून घेतलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. मंदाताई ऑफिसला यायच्या त्या डबा घेऊन, कारण गावाहून येणं म्हणजे अख्खा दिवस. डब्यात भाकरी आणि सुकट. सुकट म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी. तिचा डबा कितीही घासा, डब्याला आठवण राहते. आणि साहेबांच्या घरात अंडंसुद्धा कधी शिरलेलं नाही. बारच्या गटारीच्या पार्टीला ते पापड खात बसायचे आणि तो कुठल्या तेलात तळला याबद्दल वेटरची उलटतपासणी घ्यायचे. त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यांनी मंदाताईंना अगदी अदबीने सांगितलं की डबा बाहेर असू द्या. मंदाताईंनी डबा जिन्यातल्या सोफ्यावर ठेवला. माझ्या शेजारी. काका खालून ओरडले, "अरे, ये क्या मर गया?" मी सांगितलं, काका, पुरावा आहे.

सुपरवायझरची उलटतपासणी जवळ आली. मी उभी राहायला तयार होते, शर्टाचं वरचं बटण पण लावलं होतं. साहेब म्हणाले, तुम्ही बसा, हे करतील. आणि फोनला म्हणाले, "अहो, तुम्ही सुपरवायझर आहात. खोटं बोलायचं. अडून बसायचं."

फोन म्हणाला, "नक्कीच! मी आता सुपरवायझरच्या भूमिकेत आहे."

"डबा कोणी उघडला?"

"मी स्वतः, अत्यंत काळजीपूर्वक उघडला."

"तुम्ही खोटं बोलताय."

"नाही, मी जे पाहिलं तेच सांगत आहे."

"तुमचं आणि आरोपीचं भांडण होतं. म्हणून तुम्ही खोटं बोलताय."

"तुमचा मुद्दा अगदी योग्य आहे. माझ्या सांगण्यात विसंगती आहे आणि त्याबद्दल मी दिलगीर आहे."

साहेबांचा चेहरा असा उजळला, तसा मी इतक्या दिवसांत कधी पाहिला नव्हता. साक्षीदार फुटला, म्हणाले. दुसऱ्या दिवशी परत फोडला. मग रोज चहाआधी एकदा आणि चहानंतर एकदा फोडायला लागले. ज्युनियर दर वेळी माफी मागायचे आणि वर सांगायचे की उलटतपासणी फारच प्रभावी होती. मंदाताई तोवर जिन्यात माझ्या शेजारी बसलेल्या असायच्या. त्यांना आत बोलवायची गरजच पडली नाही, कारण फोन कुठे चुकतोय हे विचारावं इतका तो साहेबांना चुकीचा वाटतच नव्हता.

तारखेच्या दिवशी सुपरवायझर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आला. त्याची एक पद्धत होती. आधी हसायचा, मग म्हणायचा, "ऐसा है ना साहेब," आणि मग मराठीत खोटं बोलायचा. सरकारी वकिलांना त्याने व्यवस्थित सांगितलं की गेटवर तपासणीत मी स्वतः बाईचा डबा उघडला आणि आत पितळेचा माल मिळाला.

साहेब उठले. कोट सारखा केला. भांडण काढलं. तो म्हणाला, ऐसा है ना साहेब, भांडण काहीच नाही, मी बायकांना बहिणी मानतो. मग साहेबांनी आवाज चढवून विचारलं, "तुम्ही खोटं बोलताय. बरोबर?"

"नाही."

आणि साहेब थांबले. नुसते उभे. मला कळलं ते कशाची वाट बघतायत. ते माफीची वाट बघत होते.

साक्षीदार हसत उभा. पंखा फिरत होता. जज मॅडम म्हणाल्या, वकीलसाहेब, पुढचा प्रश्न. साहेबांनी घसा साफ केला आणि विचारलं, तुमच्या सांगण्यात विसंगती आहे असं तुम्हाला वाटत नाही का? तो म्हणाला, नाही वाटत. सरकारी वकिलांनी खाली मान घालून फाईल चाळली, तसं ते हसू आलं की करतात. मंदाताई मागे आरोपीच्या जागी उभ्या होत्या. त्यांना कायदा कळत नव्हता, पण कोण हरतंय ते कळत होतं. त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला होता.

साहेब सुटले एवढंच की जेवणाची सुट्टी झाली. बाकीचे प्रश्न नंतर.

मंदाताईंना घेऊन आम्ही कंपाउंडमधल्या बाकावर बसलो. साहेबांनी फोन काढला आणि झालं ते सगळं सांगितलं. फोन म्हणाला, "हा अनुभव आव्हानात्मक असला तरी तुमची तयारी उत्तम होती. पुढे जाण्यासाठी मी पाच मुद्दे सुचवू का?" साहेबांनी फोन बंद केला. मग तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

"मॅडम, उभ्या राहा."

"कोण म्हणून?"

"तुम्हाला माहीत आहे कोण म्हणून."

मी उभी राहिले. सकाळभर त्यालाच बघत होते, त्यामुळे फार काही करावं लागलं नाही. खांदे मागे, आधी हसू. "ऐसा है ना साहेब," मी म्हटलं, "मी बायकांना बहिणी मानतो." टपरीवरचा एक शिपाई वळून बघायला लागला. साहेबांनी विचारलं, डबा कोणी उघडला? मी म्हटलं, "मी स्वतः," आणि मंदाताईंच्या मांडीवरचा डबा उचलून त्याचं झाकण काढलं.

मंदाताई हसल्या. केस आल्यापासून त्या हसलेल्या आम्ही पाहिल्या नव्हत्या. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवून हसल्या.

"असा नाय वो ताई. त्यो? त्यो माझे डब्याला हात लावल?" त्या म्हणाल्या. "त्याला सुकटीचा वास आला का वांती येते. लांबूनच नाकाला रुमाल लावायचा. म्हणून तं आमाला भंगारापाशी बसवला व्हता."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही मना इचारलाच नाय. तुम्ही फोनला इचारत व्हता."

साहेबांनी नेहमीचं वाक्यसुद्धा म्हटलं नाही. मंदाताईंनी उरलेली भाकरी खायला घेतली, तेव्हा साहेबांनी त्यांना थोडी सुकट डब्यात राहू द्यायची विनंती केली.

सुट्टीनंतर साहेब उठले आणि अगदी साध्या आवाजात विचारायला लागले. पोलिसांनी त्या दिवशी डबा जप्त केला नाही, हे खरं का? खरं. आरोपीकडे आज जो डबा आहे तोच तो का? साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, मॅडम, डबा. मी डबा नेऊन साक्षीदारासमोर ठेवला. साहेब स्वतः दोन पावलं मागे सरकून उभे होते.

सुपरवायझरने लांबून बघितलं. "हाच."

"उघडून दाखवा."

सरकारी वकील उठले. जज मॅडमनी विचारलं, यात काय आहे? साहेब म्हणाले, जेवण. मॅडम म्हणाल्या, उघडू द्या.

त्याने हात पुढे केला आणि झाकणाच्या अलीकडे थांबवला. बोटं मिटली. हसायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यात राहिला. मग दुसरा हात आपोआप खिशात गेला, रुमाल बाहेर आला आणि नाकावर बसला.

"त्या दिवशी कसा उघडला होता?" साहेबांनी विचारलं.

"ऐसा है ना साहेब... वॉचमनने उघडला होता."

"तुम्ही कुठे होता?"

"बाजूला."

"वास येणार नाही इतके बाजूला?"

तो रुमालातून काहीतरी म्हणाला. जज मॅडमनी रुमाल काढून बोलायला सांगितलं. त्याने रुमाल काढला आणि म्हणाला, "हो."

"म्हणजे डब्यात पितळ होतं हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं नाही."

रुमाल परत नाकावर. "वॉचमन बोलला होता."

वॉचमनचं नाव साक्षीदारांच्या यादीत नव्हतं. तो नोकरी सोडून गावी गेला होता. साहेब खाली बसले. स्टेनो आधीच टाईप करत होती.

निकाल काही महिन्यांनी लागला. मंदाताई सुटल्या. साहेबांनी फोनला कळवलं, फोनने अभिनंदन केलं आणि म्हणाला की हे तुमच्या रणनीतीचं यश आहे. साहेब म्हणाले, "अहो, तुम्ही निकाल शोधा, तेवढं तुम्हाला छान जमतं." आणि त्याला माझ्या खुर्चीवरून उचलून फायलींच्या कपाटावर ठेवलं. खुर्चीवर फोनच्या आकाराची धूळ नव्हती, बाकी सगळी होती. मी बसले.

संक्रांतीनंतर मंदाताई आल्या. नवी साडी, हातात डबा. जिन्यापाशी येऊन त्यांनी सवयीने डबा सोफ्यावर ठेवला आणि आत आल्या. साहेबांनी विचारलं, गावात काय म्हणतात?

मंदाताई म्हणाल्या की बोलावणी आली. इतकी आली की दोन ठिकाणी जायचं राहिलंच, आता त्या बायका रुसल्यात. वाणात कोणी गाळणी दिली, कोणी कंगवा. त्यांच्याकडे आता गाळण्याच गाळण्या झाल्यात. मग म्हणाल्या, तुमच्यासाठी पण आणलंय काहीतरी, पण तुम्ही खात नाय, म्हणून ताईंना देते.

साहेब खुर्चीवरून उठले. मला वाटलं खिडकी उघडायला. ते दाराबाहेर गेले, जिन्यात वाकले, सोफ्यावरचा डबा दोन्ही हातांनी उचलला आणि आत आणून टेबलावर ठेवला, फायलींच्या मधोमध. खालून काकांचा आवाज आला, पण कोणी लक्ष दिलं नाही.

झाकण घट्ट होतं. साहेबांनी डबा पोटाशी धरून फिरवलं. एकदा सरकलं नाही, दुसऱ्यांदा सरकलं. वास आला तसा सगळ्या खोलीत आला. साहेबांचे डोळे भरले, ते कशाने ते मी सांगणार नाही, कारण मी साक्षीदार आहे आणि मला अंदाज सांगायची परवानगी नाही. रुमाल त्यांच्या वरच्या खिशात होता. तो तिथेच राहिला.

मंदाताई बघत होत्या.

साहेबांनी झाकण टेबलावर उलटं ठेवलं, माझ्याकडे वळले आणि कोर्टातल्या आवाजात म्हणाले,

"डबा स्वतःच्या हाताने उघडला. लिहून घ्या."